व्यवस्थापन आणि मार्केटिंगच्या पदवी अभ्यासक्रमाचा अभ्यास कसा करावा

व्यवस्थापन आणि मार्केटिंग हे विषय पहिल्या वाचनात सोपे वाटतात आणि पदवीच्या विद्यार्थ्याची खरी अडचण तिथूनच सुरू होते. नियोजन, संघटन, नियंत्रण हे शब्द रोजच्या वापरातले असल्याने वाचताच कळल्यासारखे वाटतात. व्याख्या पाठ होतात, उत्तरपत्रिका भरते, पण एखाद्या व्यवसायाची विक्री का घसरली असे कोणी विचारले की त्या पाठांतरातून काहीच हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक नवी संकल्पना शिकताना, ती वापरून नेमका कोणता निर्णय घेता येतो, हे स्वतःला विचारण्याची सवय पहिल्या सत्रापासून लावून घ्यावी.

सिद्धान्तांच्या बाबतीत ही सवय विशेष उपयोगी पडते. फ्रेडरिक टेलर यांनी 1911 मध्ये मांडलेले शास्त्रीय व्यवस्थापन आणि हेन्री फेयॉल यांनी 1916 मध्ये सांगितलेली चौदा तत्त्वे पाठ्यपुस्तकात एकामागोमाग येतात आणि विद्यार्थी त्यांची सरमिसळ करतात. टेलर कारखान्यातल्या कामगाराच्या हालचालींकडे पाहत होते, तर फेयॉल यांनी खाणकंपनीचा कारभार वरून सांभाळला होता, एवढे लक्षात ठेवले की दोघांचे प्रश्नच वेगळे होते हे समजते आणि बरेचसे पाठांतर वाचते.

लेखाशास्त्र आणि संख्याशास्त्र हे पेपर ‘एकदाचे सुटले की झाले’ या वृत्तीने उरकणारे विद्यार्थी पुढे मार्केटिंगमध्येच अडखळतात, कारण मार्केटिंगचा जवळपास प्रत्येक निर्णय शेवटी आकड्यांवर येऊन ठेपतो. एक उदाहरण कागदावर सोडवून पाहावे. एका वस्तूची किंमत 50 आहे, ती बनवण्याचा नगामागचा खर्च 30 आहे आणि भाडे, पगार असा महिन्याचा स्थिर खर्च 60,000 आहे. प्रत्येक नगामागे 20 उरतात, म्हणजे ना नफा ना तोटा या स्थितीला येण्यासाठी 3,000 नग विकावे लागतात. आता विक्री वाढावी म्हणून 10 टक्के सूट दिली, तर किंमत 45 होते, नगामागे 15 उरतात आणि तोच स्थिर खर्च भरून काढायला 4,000 नग लागतात. सूट दहा टक्क्यांची, पण विक्री मात्र एक तृतीयांशाने वाढायला हवी, आणि तीही केवळ तोटा टाळण्यासाठी. मूळची विक्री 5,000 नगांची असेल तर महिन्याला 40,000 नफा होत होता. तेवढाच नफा टिकवायला सूट दिल्यावर 6,667 नग विकावे लागतील. असे गणित हाताने केलेला विद्यार्थी ‘किंमत कमी करून ग्राहक आकर्षित करावा’ हे वाक्य पुन्हा सहजासहजी लिहीत नाही.

मार्केटिंगमध्ये उत्पादन, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी ही चौकट जेरोम मॅकार्थी यांनी 1960 मध्ये रूढ केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘चार पी’ म्हणतात. तिचा अभ्यास चार सुट्या प्रकरणांसारखा करू नये. किंमत वाढवली तर ती वस्तू कोणत्या दुकानात शोभेल, दुकान बदलले तर वेष्टन तेच चालेल का, असे एकातून दुसऱ्यात जाणारे धागे शोधावेत. त्याहीआधी बाजाराचे विभाजन करून नेमका कोणता ग्राहकवर्ग निवडला हे लिहावे. बहुतेक प्रकल्पांत हा भाग दोन ओळींत आटोपून विद्यार्थी थेट जाहिरातीच्या घोषवाक्याकडे धावतात. ‘सर्व वयोगटांतील ग्राहक’ असे लिहिले की निवड केलीच नाही, असे परीक्षकाला लगेच दिसते.

सर्वेक्षणाची प्रश्नावली करताना ‘हे उत्पादन तुम्हाला घ्यायला आवडेल का?’ असा प्रश्न टाळावा, कारण भिडेखातर बहुतेक जण होच म्हणतात. ‘अशी वस्तू शेवटची केव्हा घेतली, कुठून घेतली, तेव्हा आणखी काय पाहिले होते?’ असे घडून गेलेल्या वागण्याविषयीचे प्रश्न अधिक विश्वासार्ह उत्तरे देतात. चुकीच्या प्रश्नाची किंमत मोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे. कोका-कोला कंपनीने एप्रिल 1985 मध्ये नव्या चवीचे पेय आणले, त्याआधी सुमारे दोन लाख लोकांवर चवीच्या चाचण्या घेतल्या होत्या आणि त्यांत नवी चव सरस ठरली होती. तरीही ग्राहकांच्या रोषामुळे 79 दिवसांत जुने पेय परत आणावे लागले. चाचणीने चव मोजली. जुने पेय कायमचे बंद होणार हे कळल्यावर लोकांना काय वाटेल, हे तिच्यातून पुरेसे उमगले नाही.

केस स्टडी, म्हणजे एखाद्या कंपनीपुढे आलेल्या निर्णयाच्या प्रसंगाचे वर्णन, वाचताना शेवटी काय झाले हे आधी शोधू नये. पहिल्या वाचनात निर्णय कोणाला, केव्हापर्यंत घ्यायचा आहे एवढेच टिपावे, दुसऱ्या वाचनात तक्ते पाहावेत आणि वर्गात जाण्यापूर्वी स्वतःचा निर्णय कारणासह अर्ध्या पानात लिहून काढावा. बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा चौकोन मात्र जपून वापरावा. त्यात काहीही बसते, म्हणून तो भरला की विश्लेषण झाल्याचा भास होतो. त्यातील प्रत्येक नोंदीपुढे ‘मग काय करायचे?’ याचे उत्तर लिहिता येत नसेल, तर ती नोंद खोडावी.

शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी निवडून तिचा वार्षिक अहवाल तिन्ही वर्षे वाचत राहणे, हा मला सर्वांत फलदायी वाटणारा उपाय आहे. पहिल्या वर्षी नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद समजला तरी पुरे. पुढे रोकड प्रवाहाचे पत्रक घ्यावे आणि कागदावर नफा असूनही हाती रोकड का नाही, ते उधारीवरील विक्री आणि गोदामातील माल पाहून शोधावे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय निवडताना याच कंपनीचा विचार आधी करावा, कारण तिचे जुने आकडे हाताशी असतात आणि अध्यक्षांनी तीन वर्षांपूर्वी दिलेली आश्वासने आजच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.