चिऱ्याच्या घरात मागच्या पडवीपर्यंत वायफाय पोहोचवताना

कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घरात ओटीवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसतात, पण माजघर ओलांडून स्वयंपाकघरात जाताच मुंबईच्या मुलाशी चाललेला व्हिडिओ कॉल अडखळतो, आणि मग बहुतेक जण जास्त अँटेनांचा महागडा राउटर आणतात. हा खर्च सहसा वाया जातो. जांभा दगड सच्छिद्र असतो, पावसाळ्यात तो ओल धरतो, आणि फूट-दीड फूट जाडीची ओली भिंत लहरींचा मोठा हिस्सा शोषून घेते. शिवाय राउटर कितीही सशक्त असला तरी फोनला त्याच भिंतीतून उत्तर परत पाठवावे लागते, आणि फोनचा अँटेना लहानच राहतो. म्हणून भिंतीपलीकडे लहरी ढकलण्याऐवजी तार न्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी मोजणी करावी. अँड्रॉइड फोनवर सिग्नलची तीव्रता डीबीएम या एककात दाखवणारी ॲप मोफत मिळतात. आकडा उणे 50 च्या आसपास असेल तर उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, आणि उणे 80 च्या खाली गेल्यावर संदेश जाणेही कठीण होते. ही मोजणी शक्यतो भर पावसात करावी, कारण मे महिन्यातल्या कोरड्या भिंतींवर विसंबून केलेली मांडणी आषाढात अपुरी पडू शकते.

जोडणी करणारा माणूस फायबरची केबल जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे बहुधा ओटीच्या खिडकीशी, राउटर बसवून जातो. त्याला आधीच सांगून केबल माजघरापर्यंत घ्यावी. मात्र कोपऱ्यावर ती काटकोनात मुडपू देऊ नये, कारण आतला काचेचा तंतू तीव्र वळण सहन करत नाही. कौलारू घरात आतल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत गेलेल्या नसतात. त्या मोकळ्या जागेचा फायदा घेऊन राउटर भिंतीच्या माथ्याच्या पातळीवर, तुळईजवळ टांगला तर लहरी भिंतीवरून पलीकडच्या खोल्यांत उतरतात. कौले तापतात, म्हणून तो अगदी छपराला चिकटवू नये. पत्र्याची शेड किंवा लोखंडी कपाट मध्ये आले तर धातू लहरी परतवतो, हेही जागा निवडताना पाहावे. राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्झच्या लहरी इंटरनेटला जास्त वेग देत असल्या तरी भिंतीत लवकर थकतात. पलीकडच्या खोलीत 2.4 गिगाहर्ट्झच जास्त भरवशाचा ठरतो.

एवढ्यावर भागले नाही तर राउटरपासून मागच्या पडवीपर्यंत शुद्ध तांब्याची कॅट 6 प्रकारची नेटवर्क केबल ओढून तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारे यंत्र, बसवावा. अशी केबल 100 मीटरपर्यंत चालते. ती पीव्हीसी पाइपातून न्यावी, नाहीतर माळ्यावरचे उंदीर ती कुरतडतात. जुना राउटर पडून असेल तर तोही चालतो, पण त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडावा. तसे न केल्यास घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि ओटीवरचा फोन आतल्या टीव्हीला सापडत नाही. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा, 2.4 गिगाहर्ट्झवर मात्र 1, 6 आणि 11 यांपैकी वेगवेगळे चॅनेल द्यावेत. सिग्नल पकडून पुढे पाठवणारा बिनतारी रिपीटर स्वस्त असतो, पण तोही त्याच भिंतीतून सिग्नल घेतो आणि वेग बराच घटवतो.

विजेबाबत हयगय करू नये. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्याआधीच ॲडॉप्टर सॉकेटमधून काढावा आणि तांब्याची केबलही दोन्ही टोकांना सोडवावी. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण खांबावरून येणाऱ्या केबलला आधारासाठी बहुधा एक पोलादी तार जोडलेली असते. ती घराबाहेरच सोलून वेगळी करून घ्यावी. आंब्याचे गोदाम किंवा पर्यटकांची खोली वेगळ्या इमारतीत असेल तर मधल्या अंतरासाठी तांबे न वापरता फायबरच टाकावे.

दिवे गेल्यावर संपर्क राहावा म्हणून राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे बॅटरीवर राउटर चालू ठेवणारा डबा, मिळतो. घेताना मूळ ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपियर पाहावेत. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपियर तेवढे किंवा जास्त हवेत. समुद्राकाठी खाऱ्या हवेने प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि जोडणी उगाच तुटत राहते. म्हणून राउटर समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नये आणि पिना अधूनमधून, वीज बंद करून, कोरड्या कापडाने पुसाव्यात.

गणपतीत चाकरमानी आले की एकाच घरात वीस-पंचवीस फोन जोडले जातात. त्यांच्यासाठी राउटरमधले पाहुण्यांचे स्वतंत्र नेटवर्क सुरू करून वेगळा पासवर्ड द्यावा आणि विसर्जनानंतर ते बंद करावे. मुख्य नेटवर्कला राउटरच्या सेटिंगमधली डब्ल्यूपीए 2 किंवा डब्ल्यूपीए 3 ही वायफाय-सुरक्षेची पद्धत असावी. दरीतल्या वाडीत मोबाइलला रेंज नसेल तर फोनच्या सेटिंगमधले वायफाय कॉलिंग सुरू करावे. फोन आणि कंपनी दोघांकडे सोय असेल तर साधे कॉल घरच्या वायफायवरून, नेहमीच्याच नंबरवर येतात.