माफ केलं, तरी सल का जात नाही? या चुका टाळा

आठ वर्षांपूर्वी एका जवळच्या मैत्रिणीनं माझी एक खासगी गोष्ट चारचौघांत सांगितली. आठवड्याभरात मी तिला माफ करून टाकलं, तसं बोलूनही दाखवलं. पुढची चार वर्षं मात्र फोनवर तिचं नाव दिसलं की पोटात गोळा यायचा. आपलंच मन कोतं, असं मी धरून चालले होते. मन कोतं वगैरे काही नव्हतं. मी घाई केली होती. त्यानंतर या विषयावर बरंच वाचलं, बऱ्याच जणांशी बोलले, आणि लक्षात आलं की जुनी दुखणी सोडताना माणसं ठरावीक ठिकाणीच अडखळतात.

किती दुखलंय हे न बघता दिलेली माफी

आपण म्हणतो, 'त्याची चूक पोटात घातली.' शब्द मायेचा आहे, पण काय पोटात घालतोय हे आधी बघायला नको का? सावकारसुद्धा कर्ज माफ करताना आधी आकडा बघतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट 1985 पासून क्षमेवर काम करत आहेत. त्यांनी या वाटेचे चार टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात राग, लाज, झालेलं नुकसान हे सगळं उघडं करून बघायचं. दुसऱ्यात माफ करायचं की नाही ते ठरवायचं. तिसऱ्यात दुखावणाऱ्या माणसाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायचा प्रयत्न करायचा, आणि चौथ्यात या सगळ्यातून आपल्या हाती काय लागलं ते शोधायचं. रागाचा नंबर पहिला आहे, हे मुद्दाम लक्षात घ्या. 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणणारे आपण सगळे थेट दुसऱ्या टप्प्यावर उडी मारतो, आणि पहिला टप्पा मग रात्री दोन वाजता उठवायला येतो.

मी चार वर्षांनी कागद घेऊन बसले तेव्हा गंमतच झाली. गुपित फुटल्याचं मला फारसं काही वाटतच नव्हतं. ते तसंही दोन-तीन जणांना माहीत होतं. जिव्हारी लागलं होतं ते तिचं हसणं. सांगताना ती हसली होती. म्हणजे माफ केली होती एक गोष्ट, आणि सलत होती दुसरीच.

यावर उपाय साधा आहे, पण करायला जड जातो. एकच वाक्य पूर्ण करा: 'त्यानं अमुक केलं, त्यामुळे माझं अमुक गेलं.' पहिली जागा सगळे पटकन भरतात. अडतं ते दुसरीत. पैसा गेला, की विश्वास, की उमेदीची दहा वर्षं, की सख्ख्या भावाशी बोलणं? ती जागा भरत नसेल, तर माफीचा विषय सध्या काढूच नका.

माफी म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माफी एकट्यानं देता येते. समेट व्हायला दोघं लागतात, आणि त्यातल्या दुसऱ्यानं काहीतरी बदलावं लागतं. एकाला माफ करून त्याच्याशी संबंध न ठेवणं यात काही खोट नाही. उसने पैसे बुडवणाऱ्यावरचा राग सोडता येतो, आणि त्याला पुन्हा उसने न देणंही जमतं.

हे मी नुसतं शहाणपण म्हणून सांगत नाही. जेम्स मॅकनल्टी या मानसशास्त्रज्ञानं नवविवाहित जोडप्यांच्या पहिल्या चार वर्षांचा अभ्यास केला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा स्वभाव जास्त माफ करण्याचा होता, त्यांना जोडीदाराकडून होणारा मानसिक आणि शारीरिक त्रास होता तसाच राहिला. कमी माफ करणाऱ्यांच्या बाबतीत तो हळूहळू घटला. यावरून डूख धरून बसा असा अर्थ कुणी काढू नये. पण आपल्या माफीनं समोरचा आपोआप सुधारेल, या भरवशावर राहणंही बरं नाही. त्रास आजही चालू असेल तर आधी सुरक्षित जागी जा, मदत मिळवा. माफीचं नंतर बघू.

आणि हो, 'मोठ्या मनानं मिटवून टाक' असं सांगणाऱ्यांना बऱ्याचदा आपल्या मनाची नसते, समारंभात दोघांना एका ओळीत बसवण्याची काळजी असते.

मन मोकळं करताय की उगाळताय?

कोळसा उगाळावा तितका काळाच, हे आपल्याला पाठ आहे. अडचण अशी की उगाळताना आपल्याला वाटत असतं, मन हलकं होतंय. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चिडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, आपल्याला चिडवणाऱ्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. त्यांचा राग वाढला. काहीच न करता दोन मिनिटं नुसते बसलेले विद्यार्थी त्यांच्याहून शांत होते. त्याआधी 2001 साली मानसशास्त्रज्ञ शार्लट विटव्लिएट आणि सहकाऱ्यांनी 71 विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला होता: दुखावणाऱ्या माणसाबद्दल मनात डूख धरल्याची कल्पना करताना त्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब जास्त वाढले, माफ केल्याची कल्पना करताना कमी.

मग बोलायचंच नाही का? बोलायचं, पण ऐका स्वतःचं. तीच हकिगत दहाव्यांदा त्याच शब्दांत, त्याच शिव्यांसकट येत असेल तर ते उगाळणं. एखादा नवा तपशील निघाला, एखादा प्रश्न पडला, 'मी तेव्हा गप्प का बसले?' असं काही, तर काम पुढे सरकतंय.

बोलण्यापेक्षा लिहिणं मला जास्त उपयोगी पडलं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी 1980च्या दशकात सुचवलेली पद्धत सोपी आहे: सलग तीन-चार दिवस, रोज 15 ते 20 मिनिटं, व्याकरण-शुद्धलेखनाची पर्वा न करता मनात खोलवर आहे ते लिहायचं. लिहून झाल्यावर लगेच उदास वाटू शकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण एखादी आठवण सहनच होत नसेल तर ती तिथेच सोडा, दुसरं लिहा. 'मी'ऐवजी 'ती' किंवा 'तो' वापरून लिहून बघा. तेवढ्या अंतरानंही बऱ्याच जणांना ती घटना जरा निवांत बघता येते.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे 'आता त्याचा विचारच करायचा नाही' अशी शपथ. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल वेग्नर यांनी 1987 साली विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं. अस्वल येतच राहिलं.

आधी त्यानं माफी मागावी

मागितली तर उत्तमच. पण ही अट घातली की आपल्या झोपेची किल्ली त्याच्या खिशात जाते, आणि त्याला तर ती खिशात आहे हेही ठाऊक नसतं. काही जण हयातच नसतात. उलट, स्वतः जाऊन 'मी तुला माफ केलं' असं जाहीर करण्याचीही घाई नको. समोरच्याला आपण काही चुकलो असं वाटतच नसेल तर नवं भांडण उभं राहतं. पत्र लिहा, पोस्टात टाकू नका.

माफ केलं होतं ना, मग आज परत का चिडलो?

कारण माफीचा निर्णय आणि मनाचं निवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय एका संध्याकाळी होतो, मन आपल्या चालीनं मागून येतं. हा फरक मांडणारे मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन क्षमेवर संशोधन करत असतानाच, 1996च्या नववर्षाच्या सुमाराला घरात शिरलेल्या चोरानं त्यांच्या आईचा खून केला. माफ करण्याची आपलीच पद्धत त्यांना स्वतःवर वापरावी लागली. त्या पद्धतीतली शेवटची पायरी म्हणजे दिलेली माफी टिकवून धरणं. राग परतणार हे गृहीत धरल्याशिवाय अशी पायरी कोण कशाला ठेवेल?

तेव्हा आठवण आली म्हणून सगळं फुकट गेलं असं समजू नका. ती किती वेळ थांबते, सूड किती सुचतो, झोप मोडते का, हे बघा. ओसरत असेल तर येऊ द्या, जाऊ द्या. हटतच नसेल तर वर सांगितलेलं ते वाक्य पुन्हा लिहा. बहुधा दुसऱ्या जागेत एखादी गोष्ट राहून गेलेली असते. दुःस्वप्नं, दचकणं, महिनोन्‌महिने उडालेली झोप, लहानपणी झालेला अत्याचार, असं काही असेल तर एकट्यानं झुंजू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

स्वतःला माफ करताना मात्र वेगळीच चूक होते. कुणी वर्षानुवर्षं स्वतःला कोरडे मारत बसतो, तर कुणी भरपाई न करताच पाच मिनिटांत मोकळा होतो. ज्याचं नुकसान केलं त्याच्यासाठी जे करता येईल ते आधी करावं, मग आरशासमोर जावं.

मैत्रिणीचं नाव अजून माझ्या फोनमध्ये आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, मी उचलला. दहा-पंधरा मिनिटं बरं बोललो. तिनं विचारलं, 'बाकी काय, घरी सगळं ठीक?' घरी तेव्हा बरंच काही चाललं होतं. मी म्हटलं, 'ठीक,' आणि तिच्या मुलांची चौकशी केली.