सँ-गिलेम-ल-देझेर: एरो नदीच्या घळईतला एक दिवस कसा आखावा

दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, एरो नदीच्या घळईत सँ-गिलेम-ल-देझेर हे अडीचशेच्या आसपास वस्तीचं गाव आहे. इथे पाहण्याजोगं जे काही आहे ते सात-आठ किलोमीटरच्या पट्ट्यात मावतं: मध्ययुगीन मठ, कड्यांचं कोंडाळं, गुहा, हजार वर्षांचा पूल आणि नदी. तरीही बरेच प्रवासी सकाळी अकराला पोचतात, पार्किंग शोधण्यात तास घालवतात आणि ऐन उन्हात डोंगर चढून कंटाळून परततात. ठिकाणांचा क्रम ऊन पाहून ठरवला तर हे सगळं टळतं. सकाळी डोंगर आणि गाव, भर दुपारी गुहा, संध्याकाळी पूल आणि नदी.

पॅरिसहून वेगवान रेल्वेने माँपेलिएला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. तिथून गाडी भाड्याने घेणं सर्वांत सोयीचं. ए-७५० महामार्गाने झिन्याकपर्यंत यावं, मग आनियान किंवा सँ-झाँ-द-फोसमार्गे नदीकाठच्या डी-४ रस्त्याला लागावं. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना घरूनच काढून न्या. गाडी देणारे तो मागतात. गाडी उजव्या बाजूने चालवायची, हे मुख्य रस्त्यावर आपोआप पाळलं जातं. चूक होते ती पार्किंगमधून बाहेर पडताना आणि गोल चौकात शिरताना. चौकात आधीपासून फिरत असलेल्या, म्हणजे डावीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. डी-४ अरुंद आहे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी. फोटोसाठी मध्येच थांबू नका. गाडी नको असेल तर माँपेलिएच्या मोसाँ या ट्राम स्थानकावरून झिन्याककडे बस जातात, पुढे गावापर्यंत मोजक्याच. तेव्हा परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते निघण्यापूर्वीच लिहून ठेवा.

पार्किंगचा निर्णय आदल्या रात्रीच घ्यावा. डोंगर चढायचा असेल तर नऊच्या आत थेट गावात या, तेव्हा गावच्या सशुल्क तळावर जागा मिळते. उशिरा निघणार असाल तर चार किलोमीटर अलीकडे, सैतानाच्या पुलाजवळच्या (हजार वर्षांचा पूल तो हाच) मोठ्या तळावर गाडी ठेवा. हंगामात तिथून गावापर्यंत बस फिरत असते. पुलापासून गावापर्यंत रस्त्याने पायी जाऊ नये. कडेला चालायला जागाच नाही.

डोंगराची वाट गावच्या मुख्य चौकातून सुरू होते. या चौकात १८५५ साली लावलेला चिनार आहे, बुंध्याचा घेर सहा मीटरच्या घरात. इथल्या नळावर बाटल्या भरून घ्या. फलकावर ‘नाँ पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर पाणी हवंच. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना वाटेत टाकं किंवा झरा भेटण्याची सवय असते, इथे तो भरवसा धरू नका. हा सगळा डोंगर चुनखडीचा आहे. पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली जिरतं आणि थेट पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं. माथा कोरडा आणि खालचा ओढा मात्र वाहता, असं चित्र त्यामुळेच दिसतं. बूटही तसेच निवडा. हजारो पावलांनी घासून गुळगुळीत झालेली चुनखडी कोरडी असतानाही निसरडी असते. आपल्या काळ्या कातळावर सपाट तळव्याचे बूट चालून जातात, इथे खोल खाचांचा तळवा लागतो.

चौकातून व्हेर्द्यूस ओढ्याच्या काठाने घरं मागे टाकत गेलं की अर्ध्या-पाऊण तासात समोर उभ्या कड्यांचा अर्धगोल येतो. याला अँफेर्नेचं कोंडाळं म्हणतात. लहान मुलं किंवा वयस्क सोबत असतील तर इथवर यावं, सावलीत बसावं आणि परतावं. तेवढ्यानेही सकाळ सार्थकी लागते. पुढे चढायचं असेल तर फनेस्त्रेतची वाट धरा. ही वाट सरळ कड्याच्या अंगावरून वळणं घेत जाते आणि तिला जागोजागी कमानी असलेल्या दगडी भिंतींनी आधार दिलेला आहे. या भिंतींचं श्रेय मठातल्या साधूंना दिलं जातं. वर पोचून थांबा आणि खाली पाहा: वाट कड्याला कशी चिकटून आहे ते वरूनच कळतं.

पूर्ण फेरी साधारण नऊ-दहा किलोमीटरची, चढ तीन-चारशे मीटरचा. बेताने चालणाऱ्याला साडेतीन ते चार तास पुरतात. खुणा वाचता आल्या पाहिजेत. पांढरा आणि लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, एकटा पिवळा पट्टा म्हणजे स्थानिक फेरी, आणि कोणत्याही रंगाची फुली म्हणजे चुकीची दिशा. चुकतात ते इथेच: लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या मागे जात राहिलं तर ती वाट गावात परत आणत नाही, पुढच्या मुक्कामाला नेते. आर्ल शहरातून तुलूझमार्गे स्पेनमधल्या सँतियागोला जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट याच गावातून जाते, म्हणून शिंपल्याची खूणही दिसेल. दहा-पंधरा मिनिटं पिवळा पट्टा दिसला नाही तर शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे या.

वरच्या भागात साल्झमान पाइनचं जंगल लागतं. काळ्या पाइनची ही दुर्मीळ जात फ्रान्समध्ये थोड्याच ठिकाणी नैसर्गिकरीत्या उरली आहे आणि आग हा तिचा सर्वांत मोठा शत्रू आहे. उन्हाळ्यात आगीचा धोका पाहून जिल्हा प्रशासन रोज नकाशा प्रसिद्ध करतं, कोणत्या जंगलात जाता येईल ते त्यात असतं. आदल्या संध्याकाळी तो पाहा. वाट बंद असेल तर बंद म्हणजे बंद. सिगारेट आणि स्टोव्ह जंगलात नेऊच नयेत. गावाच्या माथ्यावर जो पडका किल्ला दिसतो त्याला राक्षसाचा किल्ला म्हणतात. मठाचा संस्थापक गिलेम याने तिथल्या राक्षसाला मारलं अशी दंतकथा आहे. भिंती ढासळत्या आहेत, तो खालूनच पाहावा. मदत लागली तर ११२ हा क्रमांक.

गावात परतल्यावर आधी जेवा. स्वयंपाकघरं बारा ते दोनच चालतात, सव्वादोनला गेलात तर हाती फक्त आइस्क्रीम लागेल. शाकाहारी माणसाला पेलार्दाँ नावाचं बकरीच्या दुधाचं चीज घातलेलं सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं. मागवताना मांस नको, मासे नको, असं दोन्ही वेगवेगळं सांगा. नुसतं मांस नको म्हटलं तर सॅलडवर अँचोवी मासा येऊ शकतो.

मग मठ. फ्रँकांचा राजा शार्लमेन याचा नातलग आणि सेनानी गिलेम याने ८०४ साली झेलोनच्या या खोऱ्यात मठ स्थापला आणि पुढे स्वतःच इथे साधू म्हणून राहिला. येशूच्या क्रुसाचा मानला जाणारा लाकडाचा तुकडा शार्लमेनने दिल्याची श्रद्धा आहे, त्यामुळे यात्रेकरूंची रीघ लागली. आजचं चर्च प्रामुख्याने अकराव्या शतकातलं. आत शिरण्याआधी पूर्वेच्या बाजूला, चर्चच्या मागे जा. अर्धगोल भिंतीच्या माथ्यावर लहान खोल कोनाड्यांची ओळ आहे. ती सकाळच्या उन्हात सर्वांत उठून दिसते, म्हणून डोंगराकडे जातानाच पाहून घेतलेली बरी. आत १७८९चा ऑर्गन आहे, झाँ-पिएर कावाय्ये याने बांधलेला. फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि तो अपुराच राहिला.

अंगणातल्या ओवऱ्या पाहताना बरेच जण गोंधळतात, कारण दुमजली ओवरीचा थोडासाच भाग जागेवर आहे. क्रांतीनंतर मठ विकला गेला, दगड विखुरले. कोरीव खांबांचा मोठा भाग जॉर्ज ग्रे बर्नार्ड या अमेरिकन शिल्पकाराने १९०६ साली विकत घेतला आणि आता तो न्यू यॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात आहे. त्याचे फोटो फोनमध्ये आधीच घेऊन ठेवा आणि इथे उभं राहून शेजारी धरून पाहा, रिकाम्या भिंती लगेच बोलू लागतात. न्यू यॉर्क परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर दोन्ही अर्धी प्रत्यक्ष पाहता येतील. मठात आजही साध्वी राहतात. प्रार्थनेच्या वेळी फिरू नका, खांदे झाकलेले असावेत.

गल्ल्यांमधून जाताना दारांवर ठोकलेलं सुकं, मोठं काटेरी फूल दिसेल. ते कार्दाबेल. हवा कोरडी असली की ते उघडतं, दमट झाली की मिटतं. डोंगरात दिसलं तरी तोडू नका.

भर दुपारी क्लामूझची गुहा गाठा. ती गाव आणि पूल यांच्यामध्ये, रस्त्यालगतच आहे. १९४५च्या दुष्काळात पाणी उतरलं तेव्हा गुहा शोधणाऱ्यांना आत शिरता आलं; १९६४पासून ती लोकांसाठी खुली आहे. फेरी मार्गदर्शकासोबतच होते, साधारण तासाभराची, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वेळ आधी राखून ठेवा. आत पायऱ्या खूप आहेत. बाळाची ढकलगाडी नेता येत नाही, गुडघे दुखत असतील तर विचार करून जा. बाहेर पस्तीस अंश असले तरी आत पंधरा-सतराच असतात आणि हवा ओली, तेव्हा घामेजल्या कपड्यांवर काहीतरी पूर्ण बाह्यांचं चढवा. इथली खासियत म्हणजे पांढऱ्या सुयांच्या झुडपांसारखे अ‍ॅरागोनाइटचे स्फटिक. नेहमीच्या स्तंभांतलं कॅल्साइट आणि हे अ‍ॅरागोनाइट रासायनिकदृष्ट्या एकच, कॅल्शियम कार्बोनेट. पण इथल्या डोलोमाइट खडकातून पाण्यात मॅग्नेशियम उतरतं, ते कॅल्साइटची वाढ रोखतं आणि मग सुया वाढतात. हात लावू नका: बोटाच्या तेलकट थरावर नवं कॅल्साइट नीट बसत नाही.

शेवटी सैतानाचा पूल. आनियान आणि झेलोन (म्हणजे गिलेमचाच मठ) या दोन शेजारी मठांनी मिळून तो १०३०च्या सुमारास बांधायला घेतला. १९९८ साली सँतियागोच्या यात्रामार्गाचा भाग म्हणून पूल आणि मठ दोन्ही जागतिक वारसा यादीत आले. मोठ्या कमानींच्या मध्ये, खांबांच्या वर ठेवलेली लहान झरोक्यांसारखी भोकं नीट पाहा. पूर आला की पाण्याला तेवढी जादा वाट मिळते, भिंतीवरचा दाब कमी होतो. खाली गोट्यांचा किनारा आहे, पोहता येतं. गोटे टोचतात, रबरी तळव्याच्या चपला हव्यात. पुलावरून उडी मारायला मनाई आहे, आणि ती पाळाच: खालची खोली वर्षागणिक बदलते.

सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येणाऱ्यांनी हा सगळा क्रम हवामान पाहूनच ठरवावा. भूमध्य समुद्रावरची उबदार, ओली हवा सेव्हेन डोंगरांवर चढते आणि एका दिवसात शेकडो मिलिमीटर पाऊस ओतते. एरो नदी त्याच डोंगरांतल्या माँ एगवालवरून येते, त्यामुळे गावात कोरडं असतानाही काही तासांत पाणी चढू शकतं. मेतेओ-फ्रान्स या तिथल्या हवामान खात्याचा इशारा नारिंगी किंवा लाल असेल तर कोंडाळ्यातली ओढ्याकाठची वाट, नदीकिनारा आणि कयाक तिन्ही सोडा आणि तो दिवस पलीकडच्या सँ-झाँ-द-फोसमधल्या कुंभारांच्या कार्यशाळांना द्या. हिरव्या झिलईच्या भांड्यांसाठी ते गाव पूर्वापार ओळखलं जातं.