इमारतीचं वीज-पाण्याचं बिल उतरत नाही? या चुका टाळा

इमारत पर्यावरणपूरक करायचं ठरलं की पहिली बैठक खरेदीची होते: नवे दिवे, नवे पंप, छतावर सौर पॅनल. माझ्या मते पहिली चूक हीच. आधी मीटर वाचा. आठवड्याचे तास 168. रोज 10 तास आणि पाच दिवस चालणारं ऑफिस त्यातले 50 तासच भरलेलं असतं. उरलेल्या 118 तासांत काय काय चालू असतं?

पहाटे तीनचा आणि दुपारी तीनचा वीजभार शेजारी शेजारी लिहून बघा. रिकाम्या इमारतीतही दुपारच्या निम्मी वीज जात असेल, तर एकेक फीडर, म्हणजे इमारतीच्या एकेका भागाला वीज नेणारी लाइन, तपासत जा. बरेचदा कारण साधं निघतं: कुणाची तरी तक्रार मिटवायला एसीचं युनिट ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर टाकलं आणि परत फिरवायचं राहून गेलं. असा प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहा आणि आठवड्याने ती वही उघडा.

पाण्याचंही तसंच. रात्री सगळे गेल्यावर आणि सकाळी कुणी यायच्या आत रीडिंग घ्या. टाक्या भरलेल्या असूनही आकडा पुढे सरकला तर गळती आहे. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका. फ्लश न करता पंधरा मिनिटांत भांड्यात रंग उतरला, तर आतली झडप बदला.

एसीची हवा ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, पूर्ण वेगाने चालवून डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) आवळून हवा कमी करू नका. वेगच उतरवा: 20 टक्के कमी वेगाला वीज साधारण निम्मी लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते.

बचतीच्या नावाखाली बाहेरची ताजी हवा बंद करणं मात्र मला अजिबात पटत नाही. कार्बन डायऑक्साइड साचतो, माणसं दुपारभर जड डोक्याने बसतात. गर्दीप्रमाणे हवा कमी-जास्त करायची तर सेन्सर लावा.

ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवले म्हणजे काम झालं, असंही नाही. संध्याकाळी हाउसकीपिंगच्या ताईंबरोबर एक फेरी मारा. दोन्ही पिशव्या एकाच ढकलगाडीत पडत असतील तर त्यांना बोल लावू नका. त्यांना दुसरी गाडी द्या आणि कंत्राटात वेगळ्या उचलीची अट घाला.