होमस्टेची बाग लावताना आधी बुकिंगची वही उघडा

आमचा होमस्टे सुरू झाला त्या पहिल्या वर्षी मी काय केलं, तर घाटावरच्या एका नर्सरीतून गाडी भरून रंगीबेरंगी फुलझाडं आणली, गुलाब, पिटुनिया, डायंथस वगैरे, खळ्याच्या (म्हणजे घरासमोरच्या अंगणाच्या) कडेला ओळीत लावली, फोटो काढले, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं कुजून चिखलात बसलं. सासूबाई पडवीत बसून बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मी पाऊस उशिरा येऊदे, पाहुणे आहेत असं काहीतरी पुटपुटत होते तेव्हा म्हणाल्या, "पावस काय तुझा बुकिंग बघून येतलो काय गो?" तेव्हापासून उलटं करते. पाऊस कधी येतो ते ठरलेलं आहे, पाहुणे कधी येतात तेही साधारण ठरलेलं आहे, या दोघांच्या मधे जे बसेल तेवढंच लावायचं.

आम्ही कुडाळ-मालवण पट्ट्यात राहतो. जांभ्याची लाल माती, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमधेच. नंतर आठ महिने विहीर आणि तुम्ही. हे ज्यांच्याकडे असंच आहे त्यांच्यासाठी लिहितेय. देशावरच्या काळ्या मातीत फार्मस्टे असेल तर तारखा तशाच घेऊ नका.

तर वही. आमच्याकडे गर्दी पाच वेळा असते. मे महिना सगळ्यात जास्त, मग चतुर्थी (तेव्हा पाहुणे कमी आणि घरचे चाकरमानी जास्त, पण जेवायला माणसं तेवढीच), दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर, आणि शिमगा. या तारखा लिहा आणि मागे मोजत या. लाल माठाला पेरल्यापासून २५ ते ३० दिवस लागतात, मुळ्याला ४० ते ४५, भेंडी-काकडीला ४५ ते ५०, पडवळ-दोडक्याला दोन महिने, वांग्याला रोपाचा महिना आणि वर दोन महिने. म्हणजे नाताळात भरली वांगी घरची हवी असतील तर रोपं १५ सप्टेंबरला टाकायला लागतात, जेव्हा बाहेर धो-धो पडत असतं आणि वांग्याचा विचारही मनात येत नाही. मी दोन वर्षं दिवाळी झाल्यावर टाकली आणि दोन्ही वर्षं ३१ तारखेला पाहुण्यांना नुसती पानं दाखवली.

आता मे पासून सुरू करू. मे महिन्यात पाहुणे सगळ्यात जास्त आणि विहिरीला पाणी सगळ्यात कमी, त्यात एकेक माणूस दिवसातून दोनदा आंघोळ करणार, समुद्रावरून आला की तिसऱ्यांदा. तेव्हा भाजी पिकवायचा हट्ट सोडा. मे मधे बाग म्हणजे सावली आणि वास, बस. बोगनवेल पाणी तोडलं की जास्त फुलते, देवचाफ्याला पानं नसतात पण फुलं भरपूर, सोनचाफा आहेच. मोगऱ्याचं मात्र जानेवारीत बघावं लागतं, पंधरा दिवस पाणी बंद करायचं, फांद्या छाटायच्या, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं, की मार्च ते मे कळ्या मिळतात. बाकी आंबे, काजू, फणस, रतांबे (कोकमाची फळं) हे आपलं आपण करतात. पाहुण्यांना कोकम फोडायला बसवा, हात लाल झाले की फार खूश होतात.

पण मे मधेच पावसाळ्याची तयारी करायची असते, आणि पाहुण्यांच्या गडबडीत नेमकी ती राहते. साधारण २५ मे ला रोहिणी लागतात, त्याच्या आत वेलांची आळी तयार पाहिजेत. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा, तळाला सुका पाचोळा, वर माती आणि घमेलंभर जुनं शेणखत, चुलीतली राख दोन मुठी. आमची माती आंबट आहे त्यामुळे राख हवीच, पण खत ताजं नको, हुमणी (मातीतली अळी) येते आणि मुळं खाते. हळद आणि सुरणही मे अखेरीलाच लावून टाका, अळवाचे कांदे पण.

मिरग म्हणजे ७-८ जून. पहिले दोन चांगले पाऊस होऊदेत, जमिनीची वाफ जाऊदे, मग बी लावायचं. पडवळाचं बी कडक असतं, रात्रभर पाण्यात भिजवा. आळ्यात चार बिया, उगवल्यावर दोनच रोपं ठेवा, जीव तुटतो पण काढा. बियाणं शेजारी मिळतं तेच उत्तम, नसेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आमच्या पावसात टिकतात, पडवळात कोकण श्वेता, दोडक्यात कोकण हरिता, कारल्यात कोकण तारा, काकडीत शीतल.

मांडव कुठे घालायचा यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण होमस्टेमधे तोच मुद्दा आहे. बहुतेक लोक मांडव मागच्या परड्यात घालतात, भाजी आहे म्हणून. आमचा पडवीसमोर आहे. पडवळ आणि दोडका दोघांची फुलं संध्याकाळी उमलतात, पडवळाचं पांढरं, कडेला लेसच्या धाग्यांसारखी झालर असलेलं, दोडक्याचं पिवळं, आणि पावसाळ्यात पाहुणा संध्याकाळी जाणार कुठे, चहा घेऊन पडवीतच बसणार. काळोख पडायला लागला की त्या फुलांवर पतंग येतात. बोरिवलीहून आलेली एक बाई तासभर फोन बाजूला ठेवून ते बघत बसली होती. उंची सहा-सात फूट तरी पाहिजे नाहीतर पडवळ लोकांच्या डोक्याला लागतं, आणि पडवळ वाकडं वाढायला लागलं की टोकाला सुतळीने छोटा दगड बांधायचा, सरळ होतं. हे काम लहान मुलांना द्या, प्रत्येकाला आपलं एक पडवळ. खांब मात्र भक्कम पुरा, जुलैच्या वाऱ्यात भिजलेला वेल किती जड होतो ते कोसळल्यावरच कळतं.

भेंडी, मिरची, झेंडू या सगळ्यांना पावसात गादीवाफे लागतात. तीन फूट रुंद, आणि अर्धा फूट तरी उंच, मधे पाणी जायला चर, चर उताराकडे. पाणी एक रात्र साचलं तरी मिरची गेली समजा. वाफ्याच्या कडेला नारळाची सोडणं उभी लावली की माती वाहून जात नाही. मोठ्या पावसानंतर झाडं पिवळी पडतात कारण खत धुपून जातं, म्हणून एकदम घालण्यापेक्षा दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं घालत रहा.

गोगलगायी. हा विषय पाहुण्यांसमोर काढत नाही पण जुलैत रात्री नऊ वाजता टॉर्च घेऊन मी फिरते ते त्यासाठीच. हातमोजा घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. ओली गोणती किंवा पपईची पानं रात्री पसरून ठेवली तर सकाळी त्याखाली आयत्या सापडतात. औषधाच्या गोळ्या मिळतात पण त्या कुत्र्यामांजरांना विषारी आहेत, आणि आजकाल लोक कुत्रा घेऊन येतात, मी वापरत नाही. वेलींना फळमाशी लागते, त्याला क्यू-ल्युअर या आमिषाचा सापळा टांगा (आंब्याला लावतात तो मिथाईल युजेनॉलचा, तो वेलींना चालत नाही, दुकानदार कधीकधी तोच देतो). फवारणी करायचीच असेल तर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, आणि तेही पाहुणे चेकआऊट झाल्यावर. मुलं काकडी तोडून पँटला पुसून खातात, सांगून उपयोग नाही.

वानरांवर उपाय नाही. फटाके, आरसे, रबरी साप सगळं करून झालं, चार दिवस घाबरतात. हळद, आलं, सुरण, अळू याला सहसा हात लावत नाहीत म्हणून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाजूने तेच लावलंय, आणि आवडीच्या गोष्टी घराजवळ.

चतुर्थीला बागेचा खरा भर असतो. तवसं (मोठी काकडी), चिबूड, दोडकी, अळू, आणि पातोळ्यांना हळदीची पानं. पानं तोडताना एका झाडाची सगळी तोडू नका, दोन-दोन घ्या, नाहीतर खाली गड्डे भरत नाहीत. दसऱ्याच्या झेंडूची रोपं जुलैत पडवीत आडोशाला तयार करून ऑगस्टमधे गादीवर लावली की वेळेत येतात.

मग सप्टेंबर अखेरीला हस्त लागतो, गडगडाट होतो, आणि पाऊस निघून जातो. इथे बहुतेक जण चुकतात, तेच गादीवाफे तसेच ठेवतात. पावसात पाणी घालवायचं होतं, आता धरून ठेवायचं आहे, तेव्हा वाफे मोडा आणि सपाट, कडेला बांध असलेले करा. वर झावळ्यांचा, सुक्या गवताचा थर. वाल ऑक्टोबरच्या मध्यावर, वांग्या-टोमॅटोची रोपं त्याच सुमारास, मुळा १० नोव्हेंबरला, लाल माठ २० नोव्हेंबरपासून दर दहा दिवसांनी एक पट्टा, म्हणजे सगळा एकदम तयार होऊन एकदम संपत नाही. दिवाळीला मात्र बाग मोकळीच दिसते, वेल वाळलेले, नवीन उगवतंय. दिवाळीला मी सरळ सांगते, आता वालाची रोपं बघा, खायला जानेवारीत या. दोन कुटुंबं खरंच आली.

फुलांमधे अबोली सगळ्यात विश्वासू. अर्धी सावली चालते, जवळजवळ वर्षभर फुलते, आणि येणाऱ्या बायकांना पहिल्या सकाळी वळेसर (गजरा) दिला की स्वागताला वेगळं काही करावं लागत नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. चार खोल्यांच्या बाथरूमचं पाणी आम्ही पाइपने केळी, अळू, कर्दळ आणि सोनटक्क्याकडे सोडलंय, यांना कितीही द्या. संडासाचं नाही, फक्त आंघोळीचं. कच्च्या खायच्या भाजीला ते पाणी नको. आणि फिनाईल-ॲसिडने फरशी धुतात त्या दिवशी पाइप दुसरीकडे वळवायचा, हे कामाला येणाऱ्या मावशींना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, एकदा विसरल्या तर अळवाची अख्खी रांग करपली. भाजीला पाणी संध्याकाळी, झारीने, बुंध्याशी.

अजून एक, पार्किंगची जागा आधी ठरवा मग झाडं लावा. आमच्या जुन्या माडाखाली सावली छान म्हणून एकाने नवी गाडी लावली आणि दुपारी वरून सुका नारळ आला. काच आम्ही भरून दिली. आता तिथे मिरवेल (काळ्या मिरीचा वेल) चढवलाय आणि भोवती कुंपण घातलंय.

जानेवारी-फेब्रुवारीत हळद काढायची, पाहुणे असतील तर त्यांच्यासमोर. आणि त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबरमधे, मांडवावरचं एकेक चांगलं पडवळ, दोडका, तवसं बियाला म्हणून सोडलेलं असतं, त्याला लाल चिंधी बांधून ठेवा नाहीतर कोणीतरी तोडतंच. पूर्ण पिकून सुकलं की बी काढून राखेत घोळवायचं, मडक्यात भरायचं आणि चुलीच्या वर टांगायचं. आमचं मडकं धुराने काळं झालंय. मागच्या मे मधे एका पाहुण्याने ते अँटिक समजून कितीला देणार विचारलं, सासूबाईंनी त्यातल्या चार बिया पुडीत बांधून दिल्या आणि मडकं परत वर टांगलं.