जुनं रिव्हॉल्वर बघायला जाताना

शर्टाच्या खिशात फट मोजायचा फीलर गेज असू द्या. स्कूटरचा टॅपेट लावायला मिस्त्री वापरतात तोच, पातळ पत्त्यांचा. त्याच्याबरोबर पेनाएवढा टॉर्च, पांढऱ्या कागदाचा कपटा, एक सुती चिंदी, आणि चाळिशी उलटली असेल तर वाचायचा चष्मा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बंदुकांच्या दुकानांत उजेड बेताचाच असतो आणि दुकानदाराला तो तसाच बरा वाटतो. मूळ परवाना सोबत न्या, झेरॉक्सवर कोणी हत्यार हातात देणार नाही. देत असेल तर त्या दुकानातून आल्या पावली परत फिरा.

पण दुकान नंतर, आधी कागद. ग्वाल्हेरातल्या मराठी घरांत आजोबांची बारा बोर बहुधा असतेच, कुणाकडे शिकारीच्या दिवसांतली रायफलही असते. आर्म्स अ‍ॅक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, तेव्हा दोन आधीच असतील तर तिसऱ्याचा विचार एक सोडल्याशिवाय करू नका. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. संपायला दोन-चार महिने उरले असतील तर आधी नूतनीकरण करून घ्या. परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक हवा आणि रिव्हॉल्वरची नोंद हवी. नुसतं बंदूक असं लिहिलेलं असेल तर कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत एक चक्कर ठरलेली, खरं म्हणजे तीन.

विकणारा दुकानदार नसून ओळखीतला परवानाधारक असेल तर व्यवहार चहाच्या कपावर होत नाही. त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे, असं आर्म्स अ‍ॅक्टचं पाचवं कलम सांगतं. हे ४५ दिवस लोकांना जाचतात. मला ते उपयोगी वाटतात, तेवढ्यात हौस किती खरी ते कळतं. विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर तुम्ही स्वतः एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. सांगाडा, नळी आणि सिलिंडर यांवरचे क्रमांकही आपसांत ताडून बघा. नंबर घासलेला दिसला तर भाव विचारायच्या भानगडीत पडू नका. ओळख पटवणारं चिन्ह नसलेलं अग्निशस्त्र विकणं हाच गुन्हा आहे.

आता मोठ्या बोरचा, म्हणजे रुंद नळीचा मोह. (.४५५, .३२ हे आकडे त्या रुंदीचे, इंचातले.) शिंदे की छावणीतल्या एका वाड्यात मी .४५५ ची वेब्ली, म्हणजे जुनी इंग्रजी रिव्हॉल्वर पाहिली आहे, चामडी होल्स्टरसकट. ग्वाल्हेर संस्थानच्या फौजा पहिल्या महायुद्धात गेल्या होत्या, तेव्हा अशा वस्तू ट्रंकांत निघतात यात नवल नाही. हातात घेतली की खाली ठेववत नाही, इतका तोल सुरेख. पण .४५५ आणि .३८० ची रिमवाली काडतुसं ज्यात बसतात ती सगळी हत्यारं प्रतिबंधित बोरमध्ये मोडतात, साध्या परवान्यावर ती घेता येत नाहीत. कधीतरी एखादं विलायती .३५७ विकायला निघाल्याची बातमी येते. किंमत ऐकून माणूस खाली बसतो आणि काडतुसाचा भाव ऐकून उठतो. उरतं ते .३२, आणि त्यात कमीपणा काही नाही. .३२ एस अँड डब्ल्यू लाँगच्या चपट्या तोंडाच्या काडतुसावर, म्हणजे वॅडकटरवर, जगभर २५ मीटर सेंटर फायरच्या (बुडाच्या मधोमध पिन लागणाऱ्या काडतुसांच्या) स्पर्धा खेळल्या जातात. कागदात भोक पडतं ते पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल.

बाजारात येणारं जुनं .३२ बहुतेक कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं असतं. वेब्लीच्या घडणीवर बेतलेलं, मधून मोडून उघडणारं. त्याच कारखान्याच्या आजच्या कंपनीने २०२३ साली प्रबल नावाचं रिव्हॉल्वर आणलं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. पण ते इतकं नवं आहे की जुन्या मालात अजून क्वचितच दिसेल. म्हणून पुढचं सगळं मधून मोडणाऱ्या .३२ ला धरून लिहितो.

हातात आलं की आधी उघडा आणि सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं मोजा. दुकानदाराने तुमच्यासमोर उघडून दाखवलं असलं तरी पुन्हा उघडा, नुसतं बघू नका, बोट फिरवा. मग बंद करा आणि एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरून वरखाली, डावीउजवीकडे हळूच वाकवून बघा. बिजागरी किंवा वरची कडी झिजली असेल तर टिक टिक असा बारीक आवाज बोटांना आधी कळतो, कानाला नंतर. या जातीच्या रिव्हॉल्वरचं म्हातारपण इथेच दिसतं. दुकानदार म्हणेल, इतना तो चलता है. चालत नाही. दर गोळीला तो सांधा आणखी सैल होतो, आणि बिजागरीची पिन बदलणं म्हणजे घड्याळाचा बॅलन्स बदलण्यासारखं आहे, ते करणारे हात आता थोडे.

त्यानंतर टायमिंग. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून त्याला थोडा अडवत राहा. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर कुलूप लागल्यासारखं जागच्या जागी बसलं पाहिजे. सहाही घरांवर हे करा, सहाही. एखाद्या घराला घोडा चढतो पण कुलूप लागत नाही, तिथे गोळी नळीच्या तोंडाला तिरकी जाते आणि शिसं खरवडून बाजूने उडतं. मग चाप पूर्ण दाबून धरा, घोडा खाली, आणि सिलिंडर हलवून बघा. किंचित हललं तर हरकत नाही, खुळखुळ नको. घोडा चढवून त्याला मागून अंगठ्याने बेताने ढकला. चाप न दाबता पडला तर सौदा तिथेच मोडला असं समजा, कारण आतला, घोडा अडवून धरणारा खटका कोणीतरी कानशीने घासलेला आहे. रिकामं चालवताना डमी काडतूस घाला, जुनी फायरिंग पिन फुकट मोडायला नको.

फीलर गेज इथे लागतो. सिलिंडर आणि नळी यांमधली फट बघा: ०.१० ते ०.२० मिलिमीटर असेल तर छान. एकदा सिलिंडर मागे रेटून मोजा, एकदा पुढे रेटून. दोन मापांतला फरक म्हणजे त्याची पुढेमागे होणारी हालचाल, ती ०.०८ च्या वर गेली की मी हात जोडतो. मग मागच्या बाजूला पांढरा कागद धरून टॉर्च मारा आणि नळीच्या तोंडातून आत बघा. नळीतले पीळदार चर स्वच्छ दिसले पाहिजेत. मधेच एखादं काळसर कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे, आत अडकलेल्या गोळीवर दुसरी मारल्याची ती खूण. स्क्रूंच्या खाचा कुरतडल्या असतील तर आत कोणीतरी हात घातलेला आहे, मग तो कोण ते विचारा.

आणि नव्या पॉलिशला भुलू नका. मी भुललो होतो. पहिलं .३२ घेतलं तेव्हा त्याचं निळसर काळं अंग आरशासारखं होतं, आणि मी पाच घरं तपासून सहावं सोडलं, कारण तेवढ्यात चहा आला. रेंजवर दुसऱ्याच फेरीत शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या गालाला शिशाचा कण लागला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. पुंगळ्या, म्हणजे उडालेली रिकामी काडतुसं काढून बघितली तर पाचांवर पिनचा ठसा बरोबर मधोमध आणि एकीवर कडेला सरकलेला. म्हणून आता मी शक्य असेल तर विकणाऱ्याकडे त्याच हत्याराच्या पुंगळ्या मागतो. बहुतेकांकडे नसतात, ज्याच्याकडे असतात तो माणूस जपणारा.

भावाबद्दल एवढंच: बिजागरी सैल असेल तर घासाघीस करू नका, सोडून द्या. मूठ फुटलेली, रंग उडालेला, स्प्रिंग जड असेल तर खुशाल करा.

आता घरी आणल्यावर सगळ्यांना घाई होते ती चाप हलका करायची. इथे क्रम उलटा ठेवा. प्रथम पूर्ण सफाई. नळीत शिसं चिकटलेलं असतं, ब्रश आणि चिंदी आलटून पालटून फिरवत राहिलं तर दुपार जाते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात जुनं तेल आटून मेणासारखं होतं, आणि निम्म्या जड चापांचं कारण तेच मेण आणि धूळ असते. माझ्या दुसऱ्या रिव्हॉल्वरचा चाप नुसत्या सफाईनंतर इतका सुधारला की मला आधीच्या मालकाची दया आली. तेल थेंबाने घाला, धारेने नको.

मग परवानाधारक रेंजवर जाऊन, टेकूवर हात ठेवून १५ मीटरवरून निदान तीस गोळ्या मारा. काडतुसाच्या बुडावर केएफ अशी अक्षरं दिसतील, ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. सहाही घरांच्या गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर मारून ठेवा: घराला पेन्सिलने नंबर द्यायचा, कागदावर तोच लिहायचा. कंटाळवाणं काम आहे, पण एखादं घर दूर फेकत असेल तर ते असंच सापडतं. शेतात किंवा गच्चीवर हे करू नका. आणि कोणाच्या वरातीत तर नकोच: बारात निघाली की आपल्याकडे हात शिवशिवतात, पण हर्ष फायरिंगला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंतचा दंड किंवा दोन्ही आहे.

हे कागद घेऊनच कारागिराकडे जा, तोही दुरुस्तीचा परवाना असलेला. आमच्या उस्तादांनी माझे सहा कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘‘इससे मारोगे क्या? कागज़ ही ना?’’ मी हो म्हटल्यावर बाजूचं कव्हर काढलं. आतल्या भागांना दिव्याची काजळी लावली, बंद करून वीसेक वेळा चाप ओढला, पुन्हा उघडलं. जिथे काजळी पुसली गेली होती तिथेच धातू धातूला घासत होता. तेवढेच दोन चकाकणारे ठिपके त्यांनी बारीक दगडावर तेल घालून गुळगुळीत केले. खटक्याच्या धारेला हात लावला नाही. स्प्रिंग कापून हलकी करता का, असं मी विचारलं तर म्हणाले की मग दहात एक काडतूस फुसकं जाईल, आणि नेमकं तेच तुम्हाला आठवत राहील.

म्हणून कारागिराला सांगायचं ते आकड्यात सांगा. सामानाचं वजन करायचा छोटा काटा चापाला अडकवून घोडा चढलेल्या स्थितीत किती ओढ लागते ते आधी मोजून न्या. सेंटर फायरच्या स्पर्धेत चापाचं किमान वजन १००० ग्रॅम लागतं, त्याखाली उतरण्यात अर्थ नाही. हत्यार घरच्या संरक्षणासाठी असेल तर मी चापाला हात लावू देणार नाही, घाबरलेल्या बोटाला जड चापच बरा. मूठ मात्र आपल्या पंजाच्या मापाची करून घ्या. शिसवी लाकूड, खाली करंगळीला टेकू. पुढची साइट उन्हात चमकत असेल तर मॅट काळी. नळीची लांबी आणि बोर या गोष्टींना घरी किंवा बाहेर कुठेही हात लावायचा नाही, तो सुधारणेचा भाग नाही, कायद्याचा आहे.

घरात कपाट भिंतीत बोल्ट मारून पक्कं केलेलं असू द्या, काडतुसं दुसऱ्या कुलुपात. चावी कुठे आहे हे तुम्हाला आणि घरातल्या आणखी एकाच मोठ्या माणसाला माहीत असावं. आमच्याकडे ते आईला माहीत आहे, कारण तिच्यापासून काही लपवणं तसंही शक्य नाही. पावसाळ्यात चामडी होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आठवड्यात गंजाचे ठिपके येतात.

निवडणूक लागली की हत्यार जमा करायचा आदेश येतो. ठाण्यात रांग असते आणि मालखान्यात हवा कोंदट, तेव्हा नेण्याआधी नळी आणि घरं तेलाच्या चिंदीने पुसा, नंबर दिसेल असा फोटो काढा आणि पावतीवर नंबर नीट लिहिला गेलाय ते खिडकीसमोरच उभं राहून वाचा. पावती परवान्याच्याच प्लास्टिकमध्ये ठेवा. माझी एकदा बेसनाच्या डब्यामागे सापडली, निकाल लागून महिना झाल्यावर.