लिंक न चिकटवता ब्लॉगला वाचक कसे आणायचे

लेख प्रसिद्ध केला, लिंक उचलली, दहा ग्रुपांत चिकटवली आणि झाला प्रसार, असं बहुतेक ब्लॉगवर चालतं. त्यातून मिळतात ते ओळखीच्यांचे अंगठे, तेही बहुधा लेख न उघडता दिलेले. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांचा धंदा माणूस त्यांच्याच ॲपमध्ये रेंगाळण्यावर चालतो, त्यामुळे बाहेर नेणाऱ्या लिंकचं तिथे कुणाला कौतुक नाही. शिवाय अंगठ्याने स्क्रीन सरकवणारा माणूस वाचायला बसलेलाच नसतो. "नवा लेख, नक्की वाचा" एवढ्याने तो हातातलं सोडून तुमच्याकडे येत नाही.

म्हणून उलटं करायचं. उपयोगाची एक गोष्ट सोशल मीडियावरच पूर्ण देऊन टाकायची आणि ब्लॉगवर यायचं कारण निराळं राखून ठेवायचं. पुढे उदाहरणासाठी सायकल दुरुस्तीचा एक ब्लॉग धरला आहे.

आधी लिंक दिसते कशी ते बघा

लिंक पाठवली की खाली चित्र, मथळा आणि दोन ओळींचा चौकोन येतो. तो ओपन ग्राफ टॅगमधून, म्हणजे पानाच्या कोडमध्ये मथळा आणि चित्र सांगणाऱ्या खुणांतून तयार होतो. वर्डप्रेसवर योस्ट किंवा रँक मॅथसारख्या प्लगइनमध्ये प्रत्येक लेखासाठी हे चित्र वेगळं देता येतं. माप 1200 बाय 630 पिक्सेल ठेवा, पण मुख्य अक्षरं मधल्या 630 बाय 630 च्या चौरसातच मांडा, कारण व्हॉट्सॲप बरेचदा तेवढाच तुकडा कापून दाखवतं. फाइल 300 केबीच्या आत हवी. चित्र जड असलं की प्रिव्ह्यूमध्ये नुसता मथळा येतो आणि ब्लॉगलेखक टॅग तपासत बसतो. चित्र बदलूनही जुनंच दिसत असेल तर दोष तुमचा नाही, फेसबुकने जुनी प्रत साठवलेली असते. त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये लेखाचा पत्ता टाकून "स्क्रेप अगेन" दाबा. लिंक्डइनसाठी पोस्ट इन्स्पेक्टर आहे.

मराठी ब्लॉगवर आणखी एक खोडी असते. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी करून दुसरीकडे टाकला की टक्क्यांच्या चिन्हांचा ढीग होतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. "सायकलची-दुरुस्ती" यात काना, मात्रा, हलन्त धरून 15 चिन्हं आणि एक आडवी रेघ आहे. त्याचा पत्ता होतो 136 अक्षरांचा. असली लिंक बघून लोकांना व्हायरसची शंका येते आणि ते ती उघडत नाहीत. पत्ता रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा ठेवा. जुन्या लेखांचे पत्ते बदलायचे असतील तर 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय) लावल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर आधी पसरलेली प्रत्येक लिंक मेली म्हणून समजा.

तिथल्या तिथे पूर्ण द्या

समजा लेख साखळीच्या निगेवर आहे, 1200 शब्दांचा. त्यातली एकच गोष्ट उचला, जी लेख न वाचताही वापरता येईल. उदाहरणार्थ, साखळी बदलायची वेळ झाली का, हे फुटपट्टीने कसं ओळखायचं. चित्रावर एवढाच मजकूर: "पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. 12 इंचांच्या रेघेवर दुसरी पिन नेमकी बसली, तर साखळी ठीक. पिन दीड मिलिमीटर पुढे गेली, तर साखळी बदला. तीन मिलिमीटर गेली, तर मागची चक्रंही झिजली." सोबत पट्टी आणि साखळीचा जवळून घेतलेला एक फोटो.

अशा चित्राला लाइक कमी पडतात, पण लोक ते सेव्ह करतात आणि ज्याची साखळी कटकट करते त्याला पाठवतात. तेच हवं आहे. "याचं उत्तर ब्लॉगवर वाचा" असं अर्धवट टांगून ठेवलेलं चित्र कुणी कुणाला पाठवत नाही. ब्लॉगवर काय राखायचं? चित्रात मावत नाही ते: झिजलेल्या आणि चांगल्या दातांचे शेजारी शेजारी फोटो, साखळी कापून जोडण्याच्या पायऱ्या, कोरड्या आणि ओल्या हवेत कुठलं तेल, छापून भिंतीला लावायचा तक्ता. पोस्टखाली तेच नावानिशी सांगा: "दातांचे फोटो आणि तक्ता ब्लॉगवर आहे." नुसतं "लिंक बायोमध्ये" म्हणून भागत नाही.

चित्र इन्स्टाग्राम-फेसबुकसाठी 1080 बाय 1350 पिक्सेलचं करा. ब्लॉगचं नाव आणि पत्ता चित्राच्या आतच लिहा, खालच्या बाजूला पण काठापासून आत, कारण चित्र फॉरवर्ड होताना खालचा मजकूर गळतो आणि चार हात पुढे गेल्यावर ते कुणाचं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. आडवा वॉटरमार्क मात्र नको, तो दिसला की लोक पाठवायचं टाळतात. अक्षरासाठी मुक्ता किंवा बालू हे मोफत फॉन्ट चांगले, बारीक आकारातही वाचता येतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील आणि वेलांटी भलत्या जागी बसत असेल, तर सेटिंगमधल्या टाइप विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा किंवा वर्ल्ड-रेडी मांडणीचा पर्याय निवडा. तुटक्या जोडाक्षरांचं चित्र कितीही उपयोगी असलं तरी वाचक त्यावर भरवसा ठेवत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

लिंक कुठे चालते हे माहीत असू द्या. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. बायोमध्ये (प्रोफाइलवरच्या ओळखीत) पाचपर्यंत लिंक ठेवता येतात आणि 2021 पासून स्टोरीवर लिंकचं स्टिकर सगळ्यांना मिळतं, फॉलोअर कितीही असोत. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि प्रतिक्रियांतल्या लिंक ऑगस्ट 2023 च्या अखेरीपासून निर्जीव झाल्या, तिथे ब्लॉगचं नाव तोंडाने उच्चारणं हाच मार्ग. एक्सवर मुख्य पोस्टमध्ये मजकूर आणि लिंक पहिल्या उत्तरात, अशी विभागणी करा. तिथली 280 ची मर्यादा मराठीत लवकर संपते, कारण काना-मात्राही वेगळे मोजले जातात. "स्त्री" हा एवढासा शब्द सहा चिन्हं खातो. इंग्रजीच्या अंदाजाने लिहायला बसलात तर शेवटचं वाक्य कापावं लागेल.

दुसऱ्यांच्या पोस्टखाली

सगळ्यांत कमी वापरली जाणारी आणि सगळ्यांत जास्त फळणारी जागा ही. लोक तुमच्या विषयाचं नाव घेऊन बोलत नाहीत, तक्रार करतात. "ड्राइव्हट्रेनची देखभाल" असं कुणी विचारत नाही. "चढावर पायडल मारलं की मागे काहीतरी सटकतं" असं विचारतात. तेव्हा आपल्या प्रत्येक लेखासाठी अशी पाच-सात तक्रारीची वाक्यं लिहून काढा, लोकांच्याच शब्दांत, आणि फेसबुक ग्रुप, तसंच रेडिट आणि कोरा (Quora) या चर्चा-प्रश्नोत्तरांच्या साइट, इथल्या शोधात तीच टाका.

सापडलेल्या प्रश्नाला 80 ते 120 शब्दांत पूर्ण उत्तर द्या. विचारणाऱ्याने न विचारलेला एक तपशील हवा (चढावर सटकतं म्हणजे बहुधा मागच्या चक्राचे दात गेलेत, नवी साखळी घातली की जास्तच सटकेल) आणि शेवटी त्याला एक उलट प्रश्न. लिंक नको. उत्तर नेमकं असलं की लोक तुमच्या नावावर टिचकी मारतात. म्हणून प्रोफाइलची पहिली ओळ फार महत्त्वाची. "लेखन, भटकंती, चहा" यातून कुणाला काही कळत नाही. "सायकल घरी दुरुस्त करण्यावर लिहिणं" हे कळतं. कुणी आपणहून मागितली तरच लिंक द्या, आणि तीही ब्लॉगच्या मुख्य पानाची नव्हे, त्याच प्रश्नाच्या लेखाची.

आठवड्यात असे चार-पाच प्रश्न पुरेत. दिवसाला वीस ठिकाणी उत्तरं टाकायला लागलात की मजकूर एकसारखा होतो आणि ॲडमिनच्या नजरेत येतो. रेडिटवर जरा जपून. तिथे स्वतःचं लिखाण दहातल्या एकापेक्षा जास्त नको, असा जुना संकेत आहे. प्रत्येक सबरेडिटचे (तिथल्या विषयवार गटाचे) नियम वेगळे असतात, छोट्या केलेल्या लिंक बहुतेक ठिकाणी आपोआप उडतात आणि कोऱ्या खात्याचं बोलणं गाळणीत अडकतं. तुम्हाला पोस्ट दिसते, इतरांना नाही. लॉगआउट करून पाहिलं की खरं कळतं.

जुन्या प्रश्नांकडे पाठ फिरवू नका. दोन वर्षांपूर्वीची चर्चा गूगलवर वर येत असेल, तर तिथलं एक चांगलं उत्तर आजच्या गाजत्या पोस्टपेक्षा जास्त दिवस वाचक पाठवत राहतं.

लिहायच्या आधीच सुरुवात

लेख तयार झाल्यावर प्रसार करण्यापेक्षा लेख लिहिण्यातच लोकांना ओढा. विषय ठरला की एक प्रश्न टाका, उत्तर देणाऱ्याला विचार करावा लागेल असा: "साखळी तुम्ही कशाने पुसता, आणि का?" मतचाचणीही चालेल. एक्सवर चार पर्याय आणि जास्तीत जास्त सात दिवस मिळतात, व्हॉट्सॲपवर बारा पर्याय. पण मतचाचणीतून आकडे मिळतात, माणसं मिळत नाहीत. खरी मजा लिहून आलेल्या उत्तरांत आहे.

त्यातली तीन-चार उत्तरं परवानगी घेऊन लेखात वापरा. लेख आल्यावर त्या प्रत्येकाला खासगी निरोप पाठवा, निरनिराळा: "तुमचा जुन्या टूथब्रशचा उपाय तिसऱ्या भागात आहे, काही चुकलं असेल तर सांगा." शेअर करा असं म्हणू नका. आपलं म्हणणं छापून आलेलं माणूस दाखवतोच. याउलट एका पोस्टमध्ये वीस जणांना टॅग केलं की वीसही जण टॅग काढून टाकतात आणि एखादा तक्रारही करतो.

दुसऱ्या ब्लॉगलेखकांशीही असंच. महिन्यातून एकदा आपल्या विषयावरचे दुसऱ्यांचे पाच चांगले लेख निवडा, प्रत्येक का वाचावा ते दोन ओळींत सांगा आणि त्यांना कळवा. परतफेडीचा हिशेब मांडू नका. एकमेकांच्या पोस्टवर ठरवून लाइक-प्रतिक्रिया टाकणारी मंडळं मात्र टाळा. तिथले लोक सायकल चालवत नसतात, आणि ॲपला एकदा वाटलं की तुमचं लिखाण अशांनाच आवडतं, की ते तसल्यांनाच दाखवत राहतं. विकत घेतलेल्या फॉलोअरांचंही तेच.

व्हॉट्सॲप

ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण निरोप पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. म्हणून "यादीत यायचं असेल तर नंबर सेव्ह करून 'हो' पाठवा" असं आधीच सांगा. न विचारता ग्रुपमध्ये ओढलेला माणूस वाचक होत नाही. 2023 मध्ये आलेल्या चॅनलमध्ये नंबर कुणाला दिसत नाहीत, त्यामुळे अनोळखी वाचकांसाठी ते बरं. निरोपाची पहिली ओळ अशी हवी की पुढे पाठवणाऱ्याला स्वतःचं काही लिहावं लागू नये. लेख ब्लॉगवर पडला त्याच मिनिटाला सगळीकडे तोच मजकूर टाकू नका. एकच लिंक पाठोपाठ बऱ्याच ग्रुपांत गेली तर फेसबुक ती स्पॅम समजून अडवू शकतं, आणि एकदा का डोमेनवरच (ब्लॉगच्या मूळ पत्त्यावरच) बंदी आली की जुने लेखही कुणाला शेअर करता येत नाहीत.

स्वतः काढलेले चांगले फोटो असतील तर विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर सीसी बाय-एसए 4.0 परवान्याखाली चढवा. वापरणाऱ्याने नाव देणं बंधनकारक असतं. विकिपीडियाच्या लेखात स्वतःच्या ब्लॉगची लिंक मात्र घुसडू नका, ती काढली जाते.

कुठून आले ते कसं कळणार

प्रत्येक ठिकाणच्या लिंकला यूटीएमची शेपटी लावा, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारे शब्द पत्त्याच्या शेवटी जोडा: स्रोत, माध्यम, मोहीम. सगळं रोमनच्या लहान अक्षरांत, कारण मोठ्या आणि लहान अक्षरांतलं "फेसबुक" गूगल ॲनालिटिक्समध्ये (वाचक मोजणाऱ्या साधनात) दोन वेगळे स्रोत म्हणून येतं. ब्लॉगच्या आतल्या लिंकांना ही शेपटी लावू नका, वाचक मूळ कुठून आला ती नोंद त्याने बिघडते. व्हॉट्सॲपवरून शेपटीविना आलेले लोक "डायरेक्ट" या खात्यात जमा होतात. आतल्या एखाद्या लांबलचक पत्त्याच्या लेखावर अचानक डायरेक्ट वाचक वाढले, तर तो लेख कुठल्या तरी ग्रुपात फिरतोय. पत्ता कुणी हाताने टाइप केलेला नसतो.

गूगल ॲनालिटिक्स 4 मध्ये पान 90 टक्के खाली सरकवलं की स्क्रोलची नोंद होते. कुठल्या स्रोताचे वाचक तिथवर पोचतात ते बघा. हजार जण येऊन वरूनच परतत असतील आणि दुसरीकडचे चाळीस शेवटपर्यंत वाचत असतील, तर वेळ त्या चाळिसांच्या जागी घालवा. सहा-आठ आठवडे देऊनही एखाद्या ॲपवरून कुणी शेवटपर्यंत वाचत नसेल तर ते सोडून द्या, तिथे असायलाच हवं असं काही नाही.

महिन्यातून एकदा गूगल सर्च कन्सोलमध्ये (गूगलवर काय शोधून लोक तुमच्याकडे आले ते दाखवणाऱ्या साधनात) ब्लॉगच्या नावाने किती शोध झाले तेही पाहा. चित्रावरचं नाव वाचून, लिंक नसतानाही शोधत आलेले लोक तिथे दिसतात. ते नाव लोक रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहितात. जी रूपं शोधांत सापडतील ती सगळी ब्लॉगच्या ओळखीच्या पानावर एका ओळीत घालून ठेवा.